उभा दंड

माझगावात, गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर मला एक खुर्ची मिळाली आहे,
अकरा महिन्यांच्या करारावर,
आणि चार हजार एकशे बारा नावं.

क्रेनवाले, हमाल, दोरखंड ओढणारे, बॉयलरची राख काढणारे.
निवृत्त. काही वारलेले.
प्रत्येकाची एक ओळ, ओळीत नऊ रकाने,
दोन रकान्यांच्या मध्ये एक उभा दंड.
आठवा रकाना फोन, नववा वारस.

माझ्या आधीच्या मुलाने टिंबावर तोडून पाहिलं होतं,
रा. गो. तोडणकरांचा रा वेगळा हवा होता, गो वेगळा.
हाती आली रिकामी यादी, लांबी शून्य.
आपल्या वहीत टिंब म्हणजे टिंब,
फार तर अनुस्वार.
त्या भाषेत टिंब म्हणजे कोणतंही अक्षर.
कोणत्याही अक्षरावर काप म्हटलं
की सगळीच सुरी होते, भाजी उरत नाही.

मी शहाणी. मी दंडावर तोडलं.
त्या भाषेत दंड म्हणजे ‘किंवा’.
त्याच्या डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही,
म्हणजे जिथे काही नाही
किंवा काही नाही
तिथे काप.
आणि काही नाही हे तर
कुठल्याही दोन अक्षरांच्या मध्ये असतंच.

प
र
क
ा
र

अब्दुल्ला हुसैन परकार, क्रेन नंबर सात,
पडद्यावर उभेच्या उभे सांडले.
काना एकटा पडला.
टेकायला अक्षर नाही, म्हणून मशीनने
त्याच्या शेजारी टिंबांचं एक वर्तुळ काढलं,
इथे कुणीतरी होतं, अशा खुणेचं.
ध चा मा झालेला आपण ऐकून आहोत.
इथे ध होता, म होता,
मा चा काना तेवढा खालच्या ओळीत जाऊन बसला होता.

खिडकीतून दारूखाना दिसतो. तिथे जहाजं कापतात.
कापणारा आधी खडूने रेघ मारतो,
हातोडीने पत्रा वाजवून ऐकतो,
मग ज्योत लावतो.
मी काहीच वाजवून पाहिलं नव्हतं.

परेरा मॅडम डबा उघडता उघडता म्हणाल्या,
“पुढे तिरकी रेघ दे. उलटी. दोन दे.”
दोन कशाला?
“एक दाराशीच खर्च होते, वॉचमनला द्यावी तशी.
दुसरी आत पोचते आणि दंडाला सांगते,
बाबा, तू आज नुसता दंड.”

झालं. नऊ रकाने. मी खूश,
जाताना बोंबील घेतले, भावही केला नाही.

मंगळवारी परकार काउंटरवर.
पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली,
हातात आमचंच पत्र: अपात्र. रकाने अपुरे.
मोजले. सातच होते.
मधला रिकामा रकाना ती भाषा ठेवते,
शेवटचे रिकामे न सांगता टाकून देते,
जसं लग्नघरी मागच्या रांगेतली ताटं
कुणी न विचारता उचलावीत.
फोन: काही नाही. वारस: काही नाही.
असे दोनशे सहा जण.

मी म्हटलं, तुम्ही रिकामं सोडलंत ना, म्हणून.
ते म्हणाले,
“सोडलं नव्हतं, बेटी.
रिकामं लिहिलं होतं.”

एक आकडा घालायचा होता फक्त, वजा एक.
तो घातला की शेवटचं रिकामंही जागेवर राहतं.
दोनशे सहा ओळी परत आल्या, नऊ नऊ रकान्यांच्या,
टोकाला दोन दंडांच्या मधली मोकळी जागा
आणि शेवटच्या दंडापुढची आणखी एक.

परकारांनी पावतीवर सही केली,
सावकाश, मोडीसारखी तिरकी,
सहीखाली एक रेघ,
रेघेखाली दोन टिंबं.

ती कशाची, मी विचारलं नाही.
कागद फाइलला लावताना
पंच त्यांच्यापासून लांब धरला.